घरच्या कुत्र्याचे जेवण: रागी, भात आणि त्यापलीकडे

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर तालुका कावेरीच्या कालव्यांवर पिकतो. जेथे पाणी पोचते तेथे भात आणि जेथे ते पोचत नाही तेथे रागी, अशी येथील शेतीची ढोबळ विभागणी सांगता येईल. रागी म्हणजे आपली नाचणी. उकळत्या पाण्यात तिचे पीठ शिजवून, लाकडी दांड्याने घोटून जो गोळा वळतात त्याला कन्नडमध्ये ‘मुद्दे’ म्हणतात. मराठीत या शब्दाचा भलताच अर्थ होत असल्यामुळे पुढे त्याला रागीचा गोळा असेच म्हटले आहे. या भागातील एखाद्या बेताच्या कुटुंबात कुत्रा पाळलेला असेल, तर त्याच्या ताटलीत काय पडते याचा अंदाज करणे कठीण नाही. घरच्यांचे जेवण आटोपल्यावर उरलेला भात किंवा अर्धा गोळा, त्यावर वाटीभर सारू अथवा पाणी घातलेले दूध. हे जेवण स्वस्त असते आणि कुत्रा ते आवडीने खातो. परंतु त्याने त्याचे शरीर पोसले जाते काय, हा प्रश्न निराळा आहे.

याचे उत्तर शोधताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून तो निव्वळ मांसाहारी आणि धान्य हे त्याचे अन्नच नव्हे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः माणसाच्या सहवासात कुत्र्याचे पोटही पालटले आहे. पिष्टमय पदार्थ पचवणारा अमायलेझ नावाचा पाचकरस निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात मात्र त्या 4 पासून 30 पर्यंत आढळतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. नीट शिजवलेला भात वा रागी कुत्र्याला उत्तम पचते. तेव्हा धान्य देण्यात चूक नाही. चूक होते ती केवळ धान्यावर थांबण्यात.

ती कशी, हे थोड्या हिशेबाने कळेल. मध्यम बांध्याच्या, 15 किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे 850 उष्मांक लागतात. (उष्मांक म्हणजे येथे किलोकॅलरी.) वजन दुप्पट झाले म्हणून ही गरज दुप्पट होत नाही: 30 किलोच्या कुत्र्याला 1,435 च्या आसपास पुरतात, तर 5 किलोच्या लहानग्याला 375 लागतात. राखणीसाठी रात्रभर हिंडणाऱ्याला अधिक आणि दिवसभर पडवीत पडून असणाऱ्याला कमी, हा फरक आपण नजरेने करावयाचा. त्या 850 उष्मांकांबरोबर सुमारे 38 ग्रॅम प्रथिने आणि एक ग्रॅमच्या थोडे वर कॅल्शियम मिळाले पाहिजे, असे पशुआहारातील प्रचलित मानदंड सांगतात.

आता ही सारी ऊर्जा भातातूनच मिळवायची ठरवली तर 240 ग्रॅम कोरडा तांदूळ शिजवावा लागेल. त्यातून प्रथिने मिळतात 19 ग्रॅम, म्हणजे गरजेच्या निम्मी. आणि कॅल्शियम मिळते 20 मिलिग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे जवळजवळ नाहीच. तांदळाच्या जागी रागी घेतली तर चित्र पुष्कळ पालटते. रागी हे धान्यांमधले कॅल्शियमचे भांडारच होय. 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. 265 ग्रॅम पिठातून साडेनऊशे मिलिग्रॅम कागदावर जमा होते. परंतु ‘कागदावर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते. ते कॅल्शियम, जस्त व लोह यांना बांधून ठेवते आणि त्यांचा मोठा भाग शरीरात न शिरताच बाहेर पडतो. रागी भिजवून, मोड आणून किंवा आंबवून घेतली तर हे बंधन सैल होते, आणि हे येथील गृहिणींना आंबलीच्या रूपाने पूर्वापार ठाऊक आहे. प्रथिनांचे मात्र काय? ती येथेही 19 ग्रॅमच भरतात. म्हणजे रागीने अर्धे दुखणे हलके केले, अर्धे तसेच राहिले.

प्रौढ कुत्रा हा तुटवडा बरेच दिवस रेटून नेतो. अंगावरचे केस रुक्ष होतात, पुठ्ठ्यावरचे मांस उतरते. मालक म्हणतो, आता त्याचे वय झाले. पिलाच्या बाबतीत मात्र निसर्ग सवलत देत नाही. वाढत्या पिलाला दर उष्मांकामागे प्रौढाच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम लागते. भात आणि पातळ दूध यांवर वाढवलेले पिलू दिसते गुटगुटीत, पोट टम्म; आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकू लागतात. ते उडी मारताना केकाटते, पायरी चढण्याचे टाळते. अन्नातून न मिळालेले कॅल्शियम रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतून काढून घेत असते. वेळीच आहार सुधारला तर हाडे पुष्कळ अंशी सावरतात. उशीर झाला तर वाकडेपणा जन्माचा.

गंमत अशी की, हौसेने केवळ मांसावर वाढवलेल्या श्रीमंताघरच्या पिलाचीही हीच गत होते. हाडाविना मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, आणि या दोहोंचा तोल ढळला की हाडे पोकळ होऊ लागतात. भाताने गरिबाच्या पिलाचे जे होते, तेच मटणाने सधनाच्या पिलाचे. याउलट, मोठ्या जातीच्या पिलांना कॅल्शियमच्या गोळ्यांचा भडिमार करणेही तितकेच घातक ठरते. त्यांच्या हाडांची वाढ त्यामुळे विकृत होते.

मग स्वस्त आणि तरीही पुरेसे असे काय करता येईल? वरच्याच 15 किलोच्या कुत्र्याचा विचार करू. रागीचे पीठ 80 ग्रॅम, तांदूळ 60 ग्रॅम (दोन्ही कच्च्या मापाने), दोन अंडी उकडून, हाडे काढलेले कोंबडीचे मांस 100 ग्रॅम, मूठभर लाल भोपळा आणि एक लहान चमचा तेल. हे सर्व मिळून 840 च्या आसपास उष्मांक आणि 42 ग्रॅम प्रथिने होतात. कॅल्शियम मात्र साडेतीनशे मिलिग्रॅमच्या थोडे वरच भरते. ती उणीव भरून काढणारी वस्तू आपण रोज केरात टाकतो: अंड्याचे टरफल. ते उकळून, वाळवून, अगदी वस्त्रगाळ पूड केली तर तिच्या 2 ग्रॅममधून सुमारे साडेसातशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पूड जाडसर राहिली तर ती आतड्याला टोचते. तेव्हा या कामी कंटाळा करू नये.

या ताटलीतील खर्च कोठे होतो ते पाहावे. रागी आणि तांदूळ घरचे, भोपळा परसातला. पैसा लागतो तो अंडी आणि मांस यांना. म्हणून काटकसर करावयाची ती यांचे प्रमाण घटवून नव्हे, तर स्वस्त पर्याय निवडून. कोंबडीचे काळीज मांसाहून स्वस्त आणि अतिशय पौष्टिक असते. परंतु त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असल्यामुळे आठवड्यातून एकदोनदा, थोडेच द्यावे. नदीतील मासळी काटे काढून चालते. जेथे मांस घरात येत नाही अशा कुटुंबांनी अंडी, ताक-दही आणि सोयाबीनच्या वड्या यांचा आधार घ्यावा. या वड्यांच्या वजनातील निम्मा भाग प्रथिनांचा असतो. एवढे खरे की शाकाहारी ताटली समतोल करणे अधिक जिकिरीचे आहे आणि पिलांवर तो प्रयोग न केलेला बरा.

बाजारी पाकिटांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. माझ्या मते पाकीट हे पाप नव्हे आणि पुण्यही नव्हे; ते मोजून घ्यावे. पाकिटाच्या किमतीकडे न पाहता एका दिवसाचा खर्च काढावा. 100 ग्रॅमला 350 उष्मांक देणारे कोरडे खाद्य आपल्या कुत्र्याला रोज 243 ग्रॅम लागेल, म्हणजे 3 किलोची पिशवी 12 दिवसांत संपेल. ओल्या डब्यांच्या बाबतीत आणखी सावध राहावे. डब्यावर 8 टक्के प्रथिने आणि कोरड्या पिशवीवर 22 टक्के असे छापलेले पाहून डबा निकृष्ट वाटतो; पण डब्यात 80 टक्के पाणीच असते. पाणी वगळले तर डब्यातील प्रथिने 40 टक्के आणि पिशवीतील साडेचोवीस टक्क्यांच्या आत भरतात. अर्थात त्या पाण्याचेही पैसे आपणच मोजलेले असतात.

आता उरलेल्या सारूविषयी. माणसाच्या जिभेला जे रुचते त्यातील काही पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजलेले, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. थोडेथोडे रोज पोटात गेले तरी कालांतराने पंडुरोग जडतो. फोडणीच्या सारूत बुडवलेला रागीचा गोळा म्हणूनच नको. कुत्र्याचा वाटा मीठमसाला घालण्यापूर्वीच बाजूला काढला तर प्रश्न मिटतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. सणासुदीच्या गोडातील बेदाणे आणि मुलांच्या हातातील चॉकलेट यांपासूनही त्याला दूर ठेवावे. शिजलेली हाडे ठिसूळ होऊन तिरकस फुटतात आणि घशात वा आतड्यात रुततात. ती द्यावयाची नाहीत, मग कुत्रा कितीही केविलवाणे तोंड करो.

वरील ताटली परिपूर्ण आहे असा दावा मात्र येथे करावयाचा नाही. 2013 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील तज्ज्ञांनी घरगुती श्वानाहाराच्या 200 पाककृती तपासल्या. त्यांतील 95 टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक उणा होता. जस्त, तांबे, आयोडीन, ‘ई’ जीवनसत्त्व हे घटक स्वयंपाकघरातून पुरेसे मिळवणे अवघड असते. ‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट तर विलक्षण आहे. माणूस ते उन्हात बसून कातडीत तयार करतो. कुत्र्याला ते पुरेसे जमत नाही. म्हैसूरकडचे लखलखीत ऊन त्याच्या हाडांच्या उपयोगी नाही. जे मिळायचे ते अन्नातूनच. म्हणून पशुवैद्याला रोजची ताटली सांगून तिला साजेसे क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण कुत्र्यासाठी लिहून घ्यावे. गोठ्यातले गाईचे मिश्रण त्याला घालू नये. त्याचे प्रमाण गाईच्या गरजेवरून ठरवलेले असते.

एवढे केल्यावर ताटली लागू पडते की नाही हे ओळखण्यास तराजू आणि हात पुरेत. बरगड्यांवरून बोटे फिरवावीत. त्या दिसू नयेत, पण हलक्या स्पर्शाला जाणवाव्यात, आणि वरून पाहता कंबर आत गेलेली दिसावी. याला एक अपवाद कर्नाटकातच आहे. मराठी घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानाचे नाव ज्याला मिळाले आणि 2005 साली ज्याचे चित्र टपाल तिकिटावर आले, त्या मुधोळ शिकारी कुत्र्याच्या मागच्या एकदोन बरगड्या निरोगीपणीही दिसतात. त्याला ‘अशक्त’ समजून भाताचे ढीग वाढले तर चपळाई जाते आणि सांध्यांवर भार पडतो.

जुन्या जेवणावरून नव्यावर एकदम जाऊ नये. पहिले दोन दिवस चौथा हिस्सा नवे, मग निम्मे, असे करीत आठवडाभरात पालट करावा. प्रौढाला दोन आणि पिलाला तीन-चार वेळा खाऊ घालावे, स्वच्छ पाणी सदैव जवळ ठेवावे आणि दर पंधरवड्याला वजन करून ते वहीत टिपावे.