क्लबाची ओळखचिठ्ठी

उज्जैन शहराचे रेल्वेमार्गाने दोन भाग पाडले आहेत. एकीकडे महाकालाचे मंदिर, बायजाबाई शिंदे यांनी बांधलेले गोपाळ मंदिर, क्षिप्रेचे घाट आणि अरुंद गल्ल्यांची जुनी वस्ती. पूल ओलांडून पलीकडे गेले की सरळ रस्त्यांचे आणि चौकांचे फ्रीगंज लागते. 'फ्री' हा इंग्रजी शब्द आणि बाजारपेठ या अर्थाचा 'गंज' यांचा संसार या नावात सुखाने चालला आहे. या वस्तीचे दुसरे नाव माधवनगर. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांची कारकीर्द १८८६ ते १९२५ अशी झाली. त्यांच्या नावाच्या खुणा उज्जैनमध्ये जागोजागी आहेत. १८९० साली स्थापन झालेले माधव महाविद्यालय ही त्यांतली एक, आणि फ्रीगंजमधला माधव क्लब ही दुसरी. या क्लबाच्या नावाने तिथला रस्ताही ओळखला जातो. पुढे १९३४ साली शेजारच्या इंदूरला होळकरांच्या आश्रयाने यशवंत क्लब निघाला. माळव्यातल्या या दोन मराठी संस्थानांनी वाडे, देवळे आणि पाठशाळा यांच्या जोडीला क्लबही उभारले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

क्लब म्हणजे काय, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण टेनिस, पत्ते आणि पेयपान एवढेच सांगतील. वस्तुतः या शब्दाच्या मुळाशी आपल्या परिचयाची एक साधी कल्पना आहे, ती म्हणजे वर्गणी. खर्च वाटून घेण्यासाठी एकत्र आलेली मंडळी म्हणजे क्लब. आपल्याकडील जुन्या वसतिगृहांत विद्यार्थी वर्गणी काढून जी खाणावळ चालवीत, तिलाही क्लबच म्हणत. तो शब्दप्रयोग चुकीचा नव्हता. मात्र युरोपातल्या खाजगी क्लबांनी या वर्गणीला आणखी एक गोष्ट जोडली. ती म्हणजे दरवाजा. वर्गणी भरण्याची ऐपत असलेल्या प्रत्येकाला आत घ्यायचे नाही, असा त्यांचा नियम झाला.

हा दरवाजा कसा चालतो ते पाहू. नव्या उमेदवाराला सभासदांपैकी एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. त्याचे नाव काही काळ फलकावर लागते. मग मतदान होते. जुन्या पद्धतीत पेटीत गोळ्या टाकीत. पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कुठे दहांत एक काळी गोळी निघाली तर उमेदवार बाद, तर कुठे एकच काळी गोळी पुरेशी होई. इंग्रजीत गुप्त मतदानाला जो 'बॅलट' शब्द आहे, तोही 'लहान गोळी' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आलेला आहे. लंडनचा सर्वांत जुना क्लब व्हाइट्स. त्याचा उगम १६९३ सालच्या एका चॉकलेटगृहात झाला. पुढे १७८२ साली हेगमध्ये 'दे वित्ते', १८०० साली स्टॉकहोममध्ये 'सेल्स्कापेट', १८३४ साली पॅरिसमध्ये जॉकी क्लब आणि १८४६ साली लिस्बनमध्ये 'ग्रेमिओ लितेरारिओ' अशा संस्था निघाल्या. देश निराळे आणि भाषा निराळ्या, पण दरवाजाची रीत साधारण एकच.

या इतिहासात माळव्याचाही एक धागा गुंतलेला आहे. १८२४ साली लंडनमध्ये ओरिएंटल क्लब स्थापन झाला. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना मायदेशीच्या जुन्या क्लबांत सहज प्रवेश नव्हता. तिथल्या बड्या मंडळींत त्यांच्या ओळखी नव्हत्या. म्हणून त्यांनी स्वतःचा क्लब काढला. त्यात पुढाकार होता सर जॉन माल्कम यांचा. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेमुळे त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. परंतु उज्जैन जिल्ह्यातील महिदपूर येथे क्षिप्रेच्या काठी २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांचा पराभव झाला, त्या लढाईतही हेच माल्कम होते. या क्लबाचे पहिले अध्यक्ष झाले ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे १८०३ साली असईच्या रणांगणावर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना हरविणारा सेनापती. दख्खन आणि माळवा जिंकणाऱ्यांनाही स्वतःच्या राजधानीत बसायला जागा हवी होती. मोठा पराक्रम गाठीशी असूनही माणूस ओळखीवाचून एकटा पडतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आता आजच्या विषयाकडे वळू. युरोपातल्या या क्लबांचे तरुण सभासद अधूनमधून शनिवार-रविवारचे स्नेहमेळावे भरवितात. एका शहरातला क्लब यजमान होतो आणि इतर शहरांतल्या क्लबांचे तरुण पाहुणे म्हणून येतात. वयाची अट बहुधा तीस, पस्तीस किंवा फार तर चाळीस. शुक्रवारी संध्याकाळी स्वागत आणि परस्परांची ओळख. शनिवारी शहरदर्शन, दुपारचे जेवण, रात्री औपचारिक पोशाखात मोठी मेजवानी आणि नृत्य. रविवारी सकाळी उशिराने न्याहारी आणि निरोप. असा साधारण ठरलेला क्रम असतो. उतरण्याची सोय क्लबाच्या खोल्यांत, एखाद्या हॉटेलात किंवा यजमान सभासदांच्या घरी होते. पुढच्या खेपेला आजचा पाहुणा यजमान होतो.

यामागची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. जुन्या क्लबांनी आपापसांत करार केलेले असतात. एका क्लबाचा सभासद परगावी गेला, की आपल्या चिटणीसाकडून एक पत्र किंवा कार्ड नेतो. ते दाखविले की परक्या शहरातल्या करारबद्ध क्लबात त्याला जेवण मिळते, वाचनालय मिळते, कित्येक ठिकाणी राहायला खोलीही मिळते. हीच ती ओळखचिठ्ठी. तरुणांचे मेळावे म्हणजे या चिठ्ठीला चेहरा देण्याचा उद्योग. कागदावरच्या करारापेक्षा एका पंक्तीला जेवलेला मित्र अधिक टिकाऊ, हे त्या मंडळींनी ओळखले आहे.

पण क्लबांना तरुणांची एवढी काळजी का? उत्तर रोकडे आहे. शहराच्या मध्यभागी असलेली इमारत, नोकरचाकर, स्वयंपाकघर, ग्रंथालय हा खर्च सभासदांच्या वर्गणीवर चालतो. सभासद म्हातारे होत गेले आणि नवे आले नाहीत, तर क्लब बंद पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधले अनेक जुने क्लब असेच मिटले किंवा एकमेकांत विलीन झाले. म्हणून तरुणांना कमी वर्गणी, त्यांच्यासाठी वेगळी समिती आणि त्यांच्या आवडीचे कार्यक्रम सुरू झाले. गंमत अशी की लंडनचे कित्येक क्लब शनिवार-रविवारी बंदच असतात, कारण पूर्वीचे सभासद त्या दिवसांत आपल्या खेड्यातल्या वाड्यांवर जात. ज्यांच्यापाशी असा वाडा नाही, त्या तरुणांनी हे दोन दिवस प्रवासाला आणि मैत्रीला लावले.

या मैत्रीचा उपयोग लहान समजू नये. युद्धाने शत्रू झालेली माणसेही जेवणाच्या टेबलावर पुन्हा जवळ येऊ शकतात. हँबुर्ग शहर दोस्तांच्या बाँबफेकीत बेचिराख झाले होते. त्याच शहरात १९४८ साली, म्हणजे युद्ध संपून तीनच वर्षे झाली असताना, अँग्लो-जर्मन क्लब निघाला. इंग्रज आणि जर्मन यांनी एकत्र बसण्याची ती जागा होती.

इथवर नाण्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्याला अधिक जवळची आहे, कारण आपले लोक बराच काळ त्या दरवाजाच्या बाहेर उभे होते. कलकत्त्याचा बंगाल क्लब १८२७ सालचा. त्याने भारतीयांना सभासद करून घेतले ते स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी, १९५९ साली. भारतीय आणि युरोपीय दोघांनाही बसता यावे म्हणून १९०७ साली तिथे कलकत्ता क्लब आणि पुढे मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला. १९१७ साली बंगळूरला सर विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने सेंच्युरी क्लब स्थापन झाला. ज्याला दार उघडत नाही, तो स्वतःचे घर बांधतो. माल्कम यांनी लंडनमध्ये जे केले, तेच आपल्या लोकांनी इथे केले.

मात्र स्वतःचे घर बांधल्यावर आपणही दाराला कडी लावली. १९८८ साली विलिंग्डन क्लबाने विख्यात चित्रकार एम. एफ. हुसेन यांना प्रवेश नाकारला, कारण ते अनवाणी होते. २०१४ साली चेन्नईतल्या एका क्लबात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसल्यामुळे अडविण्यात आले, आणि त्याच वर्षी तामिळनाडू सरकारला अशा बंदीविरुद्ध कायदा करावा लागला. साहेब जाऊन सदुसष्ट वर्षे झाली होती. त्याचा पोशाखाचा नियम मात्र दारात पहारा देत होता. स्त्रियांच्या बाबतीत खुद्द लंडनचीही तीच कथा. रिफॉर्म क्लबाने १९८१ साली स्त्रियांना सभासदत्व दिले, अथेनियमने २००२ साली, आणि गॅरिक क्लबाने तसा ठराव केला तो २०२४ साली.

म्हणून या स्नेहमेळाव्यांकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक पाहुणचार आणि दुसरी निवड. पॅरिसचा तरुण लिस्बनला जातो आणि तिथे त्याला हक्काचे घर मिळते, हा पाहुणचार. तो घेण्याजोगा आहे. पण लिस्बनमधल्याच गरीब वस्तीतल्या तरुणाला त्या मेजवानीचे आमंत्रण कधीच जात नाही, ही निवड. देशांच्या सीमा सहज ओलांडणाऱ्या या मैत्रीला गावातलाच एक रस्ता ओलांडता येत नाही. नोकरी, धंदा, सल्ला, सोयरीक यांतले बरेच काही ओळखीवर अवलंबून असते. त्यामुळे ओळख मोजक्यांच्याच हाती राहिली, की संधीही मोजक्यांच्याच हाती राहते. क्लबाचा खरा माल हाच. टेनिस आणि पेयपान ही त्यावरची वेष्टने.

इथे सुट्टीचाही विचार मनात येतो. शनिवार-रविवार मोकळा मिळतो तो काही आपोआप नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे केलेल्या खटपटीमुळे. ज्या कष्टकऱ्यांनी हा दिवस मिळविला, त्यांच्या मुलांना त्या दिवसाच्या स्नेहमेळाव्यात जागा असू नये, हे काही बरे नव्हे.

मग आपल्याकडे दुसरा नमुना नाही काय? आहे, आणि तोही वर्गणीचाच आहे. १८९० नंतरच्या दशकात सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव वर्गणीवर उभा राहिला, पण त्याच्या मंडपाला दरवाजा नव्हता. परगावी गेलेल्या मराठी माणसाने महाराष्ट्र मंडळे काढली. लंडनचे मंडळ १९३२ सालचे. अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि १९८४ साली शिकागोला त्याचे पहिले अधिवेशन भरले. कन्नड बांधवांची गोष्टही वेगळी नाही. माटुंग्याच्या म्हैसूर असोसिएशनचे नाव मुंबईत कोणाला ठाऊक नाही? या संस्थांत काळी गोळी नाही. सूचक-अनुमोदकांचे काम तिथे मातृभाषाच करते.

परंतु आमच्या या संस्थांपुढेही आज तोच प्रश्न उभा आहे, जो युरोपातल्या क्लबांपुढे होता. तरुण येत नाहीत. फ्रीगंजमधल्या मराठी घराचेच उदाहरण घ्या. आजोबा शिंदेशाहीत नोकरीला, वडील शाळेत किंवा बँकेत, आणि मुलगा पुण्याला नाही तर बंगळूरला. घरातल्या मराठीत हिंदी मिसळलेली, आणि पुण्यात गेल्यावर त्याच मराठीला लोक हसतात म्हणून तो गप्प बसतो. म्हणजे उज्जैनमध्ये तो मराठी आणि पुण्यात तो हिंदीवाला. त्याला ओळखचिठ्ठी कोण देणार? मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडण्यापुरते त्याला बोलावले, तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. युरोपच्या क्लबांनी निदान एवढे केले की तरुणांच्या हाती समिती दिली, पैसा दिला आणि दोन दिवस दिले. कार्यक्रम काय करायचा हे त्यांनाच ठरवू दिले.

आपल्याला मेजवानी नको, नृत्यगृह नको, काळा पोशाखही नको. उज्जैनच्या चार घरांत चार पाहुणे उतरावेत, संध्याकाळी टॉवर चौकात फिरणे व्हावे, रविवारी घाटावर जावे, आणि पुढच्या सुट्टीत उज्जैनच्या चौघांनी आपल्या सीमाभागात यावे. खर्च रेल्वेच्या तिकिटाचा, बाकी घरचे पोहे आणि घरची भाकरी. अट एकच ठेवावी. प्रत्येक गटातला निदान एक पाहुणा असा असावा, की ज्याच्यासाठी शब्द टाकणारे त्या गावात कोणीही नाही. मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांची पाने एकाच बांधणीत असलेले हे वार्षिक आपल्या हाती आहे, आणि आपल्यापैकी कित्येकजण त्यातला दुसरा अर्धा भाग न वाचताच मिटून ठेवतात. तेव्हा पहिली ओळखचिठ्ठी लिहायला उज्जैनपर्यंतही जाण्याची गरज नाही. शेजारच्या बाकापासून आरंभ करता येईल.