पावती वाचता येते, मग रिपोर्ट का नाही?

गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी किटली रिकामी होते, नमुना मशीनमध्ये जातो आणि हातात एक चिटोरी पावती पडते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. रांगेतली बाई रकमेच्या आधी फॅट बघते. ‘आज फॅट कमी लागली’ एवढंच म्हणते आणि घरी पोचेपर्यंत तिचा विचार झालेला असतो: ओली वैरण जास्त पडली का, कडबा कमी झाला का. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्यामुळे पावतीवरचा प्रत्येक आकडा तिच्या एखाद्या निर्णयाला जोडलेला आहे. कंपन्यांमध्ये लाखो रुपये खर्चून तयार होणाऱ्या किती रिपोर्टांबद्दल असं म्हणता येईल?

मी काही वर्षं एका कंपनीच्या विक्री विभागासाठी एमआयएस रिपोर्ट बनवत असे. दर महिन्याला ४२ रकान्यांची एक्सेल फाइल सगळ्या सेल्स ऑफिसरांना जायची. एकदा एका ऑफिसरबरोबर दिवसभर मार्केटला गेलो. त्यांच्या पिशवीत शाळकरी वही होती. दर सोमवारी ते माझ्या फाइलमधून तीनच गोष्टी त्या वहीत उतरवून घेत: कोणत्या डीलरची तीन आठवड्यांत ऑर्डर नाही, कोणाची उधारी ४५ दिवसांच्या वर गेली आणि टार्गेटला किती कमी पडतंय. फाइलमध्ये हे सगळं होतं, पण तीन वेगवेगळ्या शीटवर. मोटारसायकल कडेला लावून मोबाइलवर ती फाइल सरकवत बसणं शक्यच नव्हतं. त्यांना हवा असलेला रिपोर्ट त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत बनवला होता.

तेव्हापासून मी वह्या शोधतो. माणूस तुमच्या रिपोर्टमधून जे हाताने उतरवून घेतो, तेच भिंगाखाली धरावं.

या विचारामागे जुना अभ्यास आहे. आयबीएममधले जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्ये तीन तत्त्वं मांडली: वापरणारा माणूस आणि त्याचं काम सुरुवातीलाच समजून घ्या, तो प्रत्यक्ष वापरताना काय होतं ते मोजा, आणि चुका दिसतील तसं पुन्हा पुन्हा बदला. संगणकप्रणालींसाठी सांगितलेली ही तत्त्वं रिपोर्टला तंतोतंत लागू पडतात. ‘तुम्हाला काय काय हवंय?’ असं विचारलं, तर उत्तर येतं ‘सगळंच द्या’. त्याऐवजी ‘गेल्या सोमवारी काय केलंत ते दाखवा’ म्हणावं. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी कागदावर कच्चा आराखडा काढावा, तो समोर ठेवून विचारावं, ‘आज आधी कोणत्या दुकानात जाल?’ आणि उत्तराला किती वेळ लागतो ते घड्याळात बघावं.

वाचणाऱ्याचं काम समजून घ्यायचं, तर त्याचं कॅलेंडरही त्यात आलंच. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. सणासुदीच्या मालाची दोन्ही ऑक्टोबरची विक्री शेजारीशेजारी मांडली, तर धंदा बसला असं वाटेल. नोव्हेंबरची मांडली, तर उसळला असं. दोन्ही खोटं. दुकानदाराला हे सांगावं लागत नाही, कारण तो मनात ‘दिवाळीआधीचे वीस दिवस’ असाच हिशेब करतो. रिपोर्टने त्याच्याच पद्धतीने दिवस मोजावेत. बाहेरून आणलेली सॉफ्टवेअर पहिली तिमाही जानेवारीपासून धरतात, आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून. ती १२,५०,००० ऐवजी १.२५ मिलियन लिहितात आणि साडेबारा लाख म्हणायची सवय असलेला माणूस प्रत्येक आकड्यापाशी अडखळतो. लाल-हिरव्या खुणा ऑफिसच्या ब्लॅक-अँड-व्हाइट प्रिंटरवर एकाच करड्या रंगाच्या होतात; तिथे सरळ ‘कमी’ असा शब्द लिहावा.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र एका साध्या शब्दावरून होतात: विक्री. सेल्सवाल्यासाठी ऑर्डर मिळाली की विक्री झाली, गोडाऊनसाठी माल निघाला की, अकाउंट्ससाठी बिल फाटलं आणि परत आलेला माल वजा झाला की. जीएसटी धरून की सोडून, हा प्रश्न वेगळाच. तिघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात आणि मीटिंगचा अर्धा तास त्यातच जातो. आकड्याखाली एका ओळीत त्याचा अर्थ लिहिणं हे मला सुंदर आलेखापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

त्या ऑफिसरांच्या वहीवरून आम्ही एका पानाचा रिपोर्ट केला. काही आठवड्यांनी पुन्हा भेटलो, तर वही अजून चालूच होती. उघडून बघितली. डीलरच्या नावापुढे आता आकडे नव्हते, ऑर्डर न येण्याची कारणं होती. ती आमच्या कोणत्याच डेटाबेसमध्ये नव्हती. मग पानाच्या उजव्या कडेला एक कोरा रकाना सोडला, पेनाने लिहिण्यासाठी. पुढच्या सोमवारी त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ‘समोर रस्त्याचं काम, गिऱ्हाईक येत नाही.’ त्याखाली: ‘मुलीचं लग्न. पंधरा दिवस तगादा नको.’