वार्षिक सभा : बदल अर्ज विसरू नका

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावसारख्या तालुक्यातला नोंदणीकृत पत्रकार संघ सहसा दोन कायद्यांखाली येतो : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. वार्षिक सभेत मागील इतिवृत्त, लेखापरीक्षित हिशेब मंजूर होतात. मुदत संपली असेल तर नवी कार्यकारिणी निवडली जाते. सत्कार झाले, फोटो निघाले, तरी खरे काम त्यानंतरचे. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर सरकारी नोंदवहीत जुनीच नावे राहतात आणि बँकेतल्या सह्यांपासून वाद सुरू होतात. गावोगावच्या, तुटपुंज्या मानधनावरच्या बातमीदाराला अडचणीत पहिला आधार याच संघाचा असतो. म्हणून सभासदांनी सभेत उभे राहून जरूर विचारावे : गेल्या वेळचा बदल अर्ज मंजूर झाला का?