साठवण उपकरणांच्या ड्रायव्हरमधील स्मृती-हस्तांतरण दोष : स्वरूप व निदान

प्रस्तावना :
हार्ड डिस्कवरील माहिती वाचताना संगणकाचा प्रोसेसर प्रत्येक बाइट स्वतः उचलून नेत नाही. ड्रायव्हर हा प्रोग्राम मेमरीतील राखीव जागेचा, म्हणजे बफरचा, पत्ता डिस्क कंट्रोलरला देतो आणि कंट्रोलर परस्पर तेथे माहिती लिहितो. या पद्धतीस डायरेक्ट मेमरी ॲक्सेस अर्थात डीएमए म्हणतात. यात चूक झाल्यास संगणक बंद पडेलच असे नाही. फाइल मात्र नकळत बिघडते आणि तीच बिघडलेली प्रत बॅकअपमध्येही जाते. म्हणून या दोषांचे निदान वेळीच होणे आवश्यक असते.

दोष केबलचा की ड्रायव्हरचा ?
अशा वेळी प्रथम केबलवर संशय घेतला जातो. अल्ट्रा डीएमए व साटा पद्धतीत माहितीसोबत सीआरसी हा पडताळणीचा अंक पाठविला जातो. केबल सदोष असल्यास तो जुळत नाही व बहुतेक डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींत १९९ क्रमांकाचा आकडा वाढतो. परंतु ही पडताळणी डिस्क व कंट्रोलर यांच्यापुरतीच असते. बिनचूक आलेली माहिती मेमरीत भलत्याच जागी लिहिली गेली, तर सीआरसीला ते कळत नाही. हा आकडा स्थिर असूनही फाइली बिघडत असतील, तर मेमरी चिपची चाचणी घेऊन मग ड्रायव्हरकडे वळावे.

प्रमुख कारणे :
१) अपुरा पत्ता : ३२ बिटांचा पत्ता ४ जीबीपर्यंतच पोहोचतो. असे उपकरण ६४ बिटांचे आहे असे ड्रायव्हरने जाहीर केल्यास ५ जीबीच्या ठिकाणची माहिती १ जीबीच्या ठिकाणी लिहिली जाते. लिनक्स सुरू करताना मेमरी २ जीबीवर मर्यादित केल्यावर दोष थांबला, तर हे कारण संभवते.
२) कॅशेची विसंगती : अनेक एआरएम यंत्रणांत कॅशे व डीएमए यांचा मेळ आपोआप बसत नाही. ड्रायव्हरने तो बसविला नाही, तर प्रोसेसर जुनीच माहिती वाचतो. तोच ड्रायव्हर सामान्य पीसीवर बिनतक्रार चालतो, त्यामुळे फसगत होते.
३) बफर अकाली मोकळा करणे : आज्ञेची मुदत संपताच ड्रायव्हर बफर सोडून देतो, उपकरण मात्र नंतर तेथे लिहिते. तोवर ती जागा दुसऱ्या प्रोग्रामला मिळालेली असते.

निदानाची पद्धत :
महत्त्वाची माहिती नसलेल्या डिस्कवर प्रत्येक ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये त्याचाच क्रमांक भरून लिहावा व पुन्हा वाचावा. बिघाड ६४ बाइटच्या पटीत असल्यास कॅशेकडे, ४०९६ बाइटच्या पटीत असल्यास मेमरी-पृष्ठांच्या पत्त्यांकडे लक्ष द्यावे. लिनक्समध्ये २००९ पासून डीएमए-डीबग ही सोय आहे. मॅप न केलेला बफर सोडणे, चुकीचा आकार देणे किंवा मॅपिंग यशस्वी झाले की नाही हे न तपासणे, अशा चुका ती नोंदविते. आयओएमएमयू ‘स्ट्रिक्ट’ पद्धतीने चालू ठेवल्यास सोडलेल्या जागेवर लिहिण्याचा प्रयत्न अडविला जातो व तो पत्ता नोंदीत सापडतो.

निष्कर्ष :
बफर एका वेळी प्रोसेसरच्या किंवा उपकरणाच्या, अशा एकाच्याच ताब्यात असावा, हा मूळ नियम होय. वरील बहुतेक दोष तो मोडल्याने उद्भवतात. मुदत संपल्यास आधी उपकरण थांबवावे व मगच बफर सोडावा. वेग कमी केल्याने दोष दिसेनासा होतो, दूर होत नाही.