इतिहासाचा प्रकल्प नेमका कोणाचा? प्राथमिक वर्गातील गृहपाठ : नियम, वास्तव आणि पहाडगंजचे उदाहरण

नवी दिल्ली : उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की दिल्लीतील अनेक घरांत मुलांपेक्षा पालकांचीच धावपळ वाढते. ‘सुट्टीचा गृहपाठ’ पूर्ण करायचा असतो आणि त्यात इतिहासाचा एखादा प्रकल्प हमखास असतो. पुठ्ठ्याचा लाल किल्ला, स्वातंत्र्यसेनानींची चित्रवही, हडप्पा संस्कृतीचा तक्ता अशी त्याची नेहमीची रूपे. नई सडक आणि सदर बाजारातून साहित्य येते, स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रे येतात, मजकूर मोबाइलवरून उतरवला जातो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला बहुधा मुखपृष्ठावर नाव लिहिण्याचे काम उरते. त्यामुळे या प्रकल्पातून शिकते कोण, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

नियम काय सांगतात?

शालेय ओझ्याची चर्चा देशात नवी नाही. ज्येष्ठ लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील भाषणात मुलांच्या पाठीवरील दप्तराचा विषय मांडला आणि तो राष्ट्रीय चर्चेचा झाला. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये अहवाल दिला. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. द्यायचाच तर तो घराच्या परिसरातील शोधाचा विस्तार असावा, असा या समितीचा आग्रह होता.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने त्याला वेळेची मर्यादा घातली. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पहिली व दुसरीच्या गृहपाठाविरुद्ध आदेश दिला आणि त्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने राज्यांना तशा सूचना केल्या. ‘शालेय दप्तर धोरण २०२०’ मध्येही हीच मर्यादा कायम आहे : दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

हे दोन तास एका विषयाचे नसून सर्व विषयांचे मिळून आहेत. आठवड्याचे सहा दिवस धरले तर रोज वीस मिनिटे. पुठ्ठ्याचा किल्ला उभारण्यात एक रविवार गेला, तर आठवड्याची मर्यादा त्या एका दिवसातच ओलांडली जाते.

इतिहास कधी सुरू होतो?

राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार तिसरी ते पाचवीत इतिहास हा स्वतंत्र विषय नाही. तो परिसर अभ्यासाचा भाग असतो. सामाजिक शास्त्र सहावीपासून सुरू होते आणि एनसीईआरटीच्या २०२४ मधील नव्या सहावीच्या पुस्तकात इतिहासाचा आरंभच कालरेषा आणि इतिहासाची साधने यांपासून होतो. म्हणजे आधी ‘हे आपल्याला कसे कळले?’ हा प्रश्न, मग राजवटी.

महाराष्ट्राच्या परंपरेतही परिसराला महत्त्व आहे. चौथीचे विद्यार्थी परिसर अभ्यासातून शिवचरित्र शिकतात. दिवाळीत अंगणात केला जाणारा मातीचा किल्ला तर शाळेने कधीच न सांगितलेला इतिहासाचा प्रकल्प आहे. बुरूज कुठे, दरवाजा कोणत्या बाजूला, अळीव कुठे पेरायचे हे मुलेच ठरवतात. गुण मिळत नाहीत, किल्ला वाकडा होतो. पण तो त्यांचा स्वतःचा असतो.

विषमता कुठे येते?

सजावटीवर गुण दिले की स्पर्धा मुलांमध्ये न राहता घरांमध्ये सुरू होते. पहाडगंजसारख्या वस्तीत हे अधिक ठळकपणे दिसू शकते. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला लागून असलेला हा भाग हॉटेले, दुकाने आणि गोदामांचा. ज्या घरातील कर्ता रात्रपाळी करून सकाळी परततो, तेथे रंगीत छपाई आणि चकचकीत कागद यांचा खर्च व वेळ दोन्ही परवडत नाही. प्रश्न विचारून उत्तर लिहून आणण्यास मात्र वही आणि पेन्सिल पुरते.

दाराबाहेरचा इतिहास

दिल्लीतील मराठी समाजासाठी पहाडगंज परिचित आहे. नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन याच भागात आहेत. येथील मुलाला इतिहासासाठी दूर जावे लागत नाही. पहाडगंज हे नावच टेकडीशी जोडलेले. मुघल काळात तटबंदीबाहेर, अजमेरी दरवाजापलीकडे ही बाजारपेठ होती. शेजारचे रेल्वे स्थानक १९२६ मध्ये एका फलाटानिशी सुरू झाले. फाळणीनंतर पश्चिम पंजाबमधून आलेली अनेक निर्वासित कुटुंबे येथे स्थिरावली. रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानकावर मेट्रो २००५ च्या अखेरीस पोहोचली.

मराठी मुलासाठी आणखी एक धागा आहे. काही किलोमीटरवरील तालकटोरा परिसरात मार्च १७३७ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांची स्वारी येऊन थडकली होती. या मोहिमेचा वृत्तान्त बाजीरावांनी बंधू चिमाजी अप्पांना पत्राने कळवला. इतिहास पत्रांतून कसा कळतो, हे सांगण्यास याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. त्याच तालकटोरा मैदानावरील स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

प्रकल्प कसा असावा?

तिसरी ते पाचवीच्या मुलासाठी एक प्रश्न, एक व्यक्ती आणि एक वस्तू एवढे पुरेसे आहे. ‘मेट्रो येण्यापूर्वी तुम्ही कामाला कसे जात होता?’ हा प्रश्न मूल आई-वडिलांना किंवा गल्लीतील दुकानदाराला विचारू शकते. सोबत एखादी जुनी वस्तू पाहावी : रेल्वेचे तिकीट, शिधापत्रिका, लग्नाचा फोटो, पितळी डबा. ती कोणाची, किती वर्षांची, हे कशावरून ठरवले, एवढे पाच-सहा वाक्यांत लिहावे.

खरे शिक्षण पुढच्या टप्प्यावर घडते. आजी म्हणते मेट्रो लग्नाआधी आली, वडील म्हणतात नंतर आली. वर्गात अशा दोन उत्तरांची तुलना झाली की आठवण आणि पुरावा यांतील फरक मुलाला आपोआप कळतो. लग्नाच्या फोटोमागील तारीख तेव्हा साधन ठरते. इतिहासकारही याच रीतीने काम करतो. फरक केवळ आवाक्याचा.

मूल्यमापनाचे निकषही त्यानुसार बदलावे लागतात. प्रश्न मुलाने स्वतः विचारला का, माहिती कोणाकडून मिळाली हे नोंदवले का, आणि आपले म्हणणे ते पान न पाहता दोन मिनिटे सांगू शकते का, हे तीन निकष पुरेसे आहेत. तोंडी सांगण्याची अट असली की दुसऱ्याने केलेले काम लपत नाही.

एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक घराची गोष्ट सांगण्याजोगी नसते. कोणाचे वडील नाहीत, कोणाचे कुटुंब नुकतेच गाव सोडून आले आहे, कोणाच्या पणजोबांनी फाळणीत पाहिलेले घरात कोणी बोलत नाही. म्हणून ‘आपल्या कुटुंबाचा इतिहास’ सक्तीचा न करता शेजारी, शाळेतील कर्मचारी, एखादी इमारत किंवा रस्त्याचे नाव यांचा पर्याय द्यायला हवा.

पालकांची भूमिकाही येथे स्पष्ट होते. त्यांनी प्रकल्प करून द्यायचा नसतो; मुलाच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे असते आणि आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचे असते. अशा प्रकल्पाची वही कदाचित डागाळलेली असेल, अक्षर वेडेवाकडे असेल. मात्र तिच्यातील प्रत्येक ओळ कोणाकडून आली, हे ते मूल सांगू शकेल.