कप्प्यावरची मराठी चिठ्ठी

सीमाभागातील वाचनालयांत मराठी ग्रंथ कमी नाहीत. पण कपाटाच्या कप्प्यावर विषयाचे नाव नसेल, तर ते असून नसल्यासारखेच. जुने सभासद ग्रंथपालांना विचारून पुस्तक घेतात. कानडी वा इंग्रजी माध्यमात शिकणारे आपले मूल मात्र विचारायला बिचकते आणि रिकाम्या हाताने परतते. वाचकाचा वेळ वाचवावा, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले आहे.

ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. तो ग्रंथपालांच्या सोयीचा. मुलाला ‘कथा’, ‘चरित्र’, ‘नाटक’, ‘बालवाङ्मय’ असे शब्द दिसायला हवेत. जाड कागदावर काळ्या शाईने ठळक लिहावे. चिठ्ठी दारावर नव्हे, कप्प्याच्या पुढच्या कडेवर लावावी. दार उघडले की दारावरची नजरेआड जाते. बालवाङ्मय खालच्या कप्प्यात, मुलांच्या हाताशी ठेवावे. नव्या पुस्तकांसाठी प्रत्येक कप्प्यात थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे चिठ्ठ्या वरचेवर बदलाव्या लागत नाहीत.

मराठी फलकांसाठी आपण सरकारशी भांडतो, आणि ते भांडलेच पाहिजे. पण आपल्याच कपाटांवर मराठी अक्षरे लावायला कोणाची परवानगी हवी? वाचनालयांच्या कार्यकारिणीने एक रविवार या कामी द्यावा.