आवाजाचे भिंग

आमचे मामा चाळीस वर्षे शाळेत शिकवीत होते. त्यांचा आवाज असा की, ते एका वर्गात बोलू लागले म्हणजे शेजारच्या वर्गातली मुलेही गप्प बसायची. पण निवृत्तीनंतर त्यांना रात्री तीन-तीन, चार-चार वेळा उठावे लागू लागले, आणि त्याबद्दल मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मामी म्हणायच्या, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून तरी या." मामांचे उत्तर ठरलेले : "वय झालं की हे चालायचंच. यात दाखवायचं काय?" वर्ष-दीड वर्ष असे गेले. मग पाठ दुखू लागली. तेल झाले, शेक झाला, लेप झाला. शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढूनच इस्पितळात नेले. तेव्हा कळले की, प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांपर्यंत पोचला आहे.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण घरातले आजोबा, मुलगे, जावई फराळाला एका ओळीत बसतात ते याच चार दिवसांत. आणि या दुखण्याचा निम्मा जोर माणसांच्या न बोलण्यात आहे. शिवाय मला जी हकिगत सांगायची आहे ती नुसत्या दुखण्याची नाही. ती एका नव्या इलाजाची आहे. या इलाजात सुरी नाही, टाका नाही. आहे तो फक्त आवाज, आणि तोही कानाला ऐकू न येणारा!

अक्रोडाएवढी ग्रंथी, मोक्याची जागा

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेच्या भोवती ती वेढून बसलेली असते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि नळीवर दाब पडून लघवीचा त्रास सुरू होतो. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर हा लेख वाचून कितीतरी आजोबांची झोप उडायची! रात्री उठावे लागणाऱ्यांपैकी बहुतेकांना ही साधी वाढच असते. उलट कर्करोग सुरुवातीला बहुधा काहीच बोलत नाही. म्हणून तक्रार असो वा नसो, पन्नाशी उलटल्यावर रक्ताची पीएसए नावाची तपासणी करून घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारण्यात शहाणपण आहे. जगात दर वर्षी चौदा लाखांहून अधिक पुरुषांना हा रोग झाल्याचे निदान होते.

या ग्रंथीचा शेजार मोठा नाजूक आहे. वर मूत्राशय, मागे गुदाशय, खाली लघवी धरून ठेवणारा स्नायू, आणि दोन्ही बाजूंना दोऱ्यासारख्या नसा. पुरुषाचे वैवाहिक सुख या नसांवर अवलंबून असते. १९०४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात डॉक्टर ह्यू यंग यांनी कर्करोगासाठी ही सबंध ग्रंथी काढून टाकली. पुढची कितीतरी वर्षे या शस्त्रक्रियेने रोग जाई, पण त्याबरोबर त्या नसाही जात. त्या वाचवून ग्रंथी कशी काढावी, हे त्याच इस्पितळातल्या डॉक्टर पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली करून दाखविले. किरणोपचारही आले. तरीसुद्धा आजही या उपचारांनंतर काही जणांना कपडे ओले होण्याची लाज आणि संसारातला दुरावा सोसावा लागतो. जीव वाचला हे खरे. पण वाचलेला माणूस चारचौघांत जायला कचरतो.

मग प्रश्न असा निघाला : चोर एकाच खोलीत असेल तर सगळे घर कशाला पाडायचे? स्तनाच्या कर्करोगात पूर्वी सबंध स्तन काढीत. आता पुष्कळ वेळा फक्त गाठ काढून, किरणोपचार देऊन भागते. प्रोस्टेटमध्ये असे का करू नये? त्याला एकच अडचण होती. इतक्या आतल्या ग्रंथीतला नेमका ठिपका गाठायचा कसा?

तुलाँ बंदरातले मासे

याचे उत्तर शोधायला आपल्याला पहिल्या महायुद्धाच्या काळात जावे लागेल. जर्मन पाणबुड्या समुद्राखालून येऊन जहाजे बुडवीत होत्या. त्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ हे फ्रेंच शास्त्रज्ञ तुलाँ बंदरात प्रयोग करीत होते. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखविले होते. याच्या उलटही घडते : वीज दिली की स्फटिक थरथरतो. लांजव्हँ यांनी या थरथरीतून पाण्यात असा ध्वनी सोडला की जो माणसाच्या कानाच्या पलीकडचा होता. आपला कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकतो. हा ध्वनी त्याच्याही वरचा. तो पाणबुडीवर आपटून परत येई. पण प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ध्वनीच्या झोतात सापडलेले मासे मरत होते, आणि पाण्यात हात घातला तर कळ येत होती.

म्हणजे या आवाजाला दोन गुण होते. हळू सोडला तर तो पाहतो. जोरात सोडला तर मारतो. पहिल्या गुणातून पुढे सोनोग्राफी निघाली. पोटातल्या बाळाचे चित्र आज घरोघरी पाहिले जाते ते तिच्यामुळेच. दुसऱ्या गुणाला मात्र फार वाट पाहावी लागली.

लहानपणी आपण सर्वांनीच भिंग घेऊन उन्हात कागद जाळला आहे. ऊन अंगावर पडते तेव्हा भाजत नाही. पण तेच ऊन भिंगाने एका बिंदूवर आणले की कागद पेटतो. आवाजालाही असे भिंग करता येते. बशीसारख्या खोलगट पृष्ठभागावरून ध्वनी सोडला की त्याच्या लहरी एका बिंदूवर जमतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९४२ साली जॉन लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा ध्वनी प्राण्याच्या काळजाच्या तुकड्यावर सोडून पाहिला, तेव्हा आत खोलवर भाजल्याचा डाग पडला. पुढच्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी हीच विद्या मेंदूसाठी वापरली, आणि कंपवाताच्या रोग्यांपर्यंत नेली. पण कवटीचे हाड ध्वनीला आडवे येई, म्हणून आधी ते कापून खिडकी करावी लागे. आणि त्याहून मोठी उणीव ही की, आत काय चालले आहे ते पाहायला डोळा नव्हता. बंदूक होती, पण नेम अंधारात धरायचा!

तो डोळा मिळायला तीन-चार दशके लागली. सोनोग्राफीची चित्रे स्पष्ट झाली, एमआरआयचे यंत्र आले, आणि १९९० नंतर फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या कर्करोगावर हा ध्वनी वापरण्यास सुरुवात केली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डॉक्टर मार्क एम्बर्टन, डॉक्टर हशिम अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. सबंध ग्रंथी सोडून फक्त रोगाच्या जागेवर नेम धरायचा, आणि असे करून काय होते याची पद्धतशीर नोंद ठेवायची.

तांदळाएवढा एकेक ठिपका

प्रत्यक्ष इलाज असा. आधी एमआरआयच्या चित्रात गाठ कुठे आहे ते पाहतात, आणि तिथलाच सुईभर तुकडा काढून रोगाची खात्री करतात. मग रोग्याला भूल देऊन गुदद्वारावाटे एक नळकांड्यासारखे उपकरण आत सरकवतात. प्रोस्टेट तिथून अगदी जवळ, पातळ भिंतीपलीकडे असते. भिंत भाजू नये म्हणून उपकरणाभोवती थंड पाणी फिरते ठेवलेले असते. एकच उपकरण आधी पाहते आणि मग मारते. सेकंदाला तीस ते चाळीस लाख कंपने होणारा ध्वनी एका बिंदूवर जमतो आणि काही सेकंदांत तिथली उष्णता ऐंशी अंशांच्या वर जाते. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक जसा गोठतो, तशा तिथल्या पेशी गोठून मरतात. एका वेळी मरतो तो तांदळाच्या दाण्याएवढा भाग. थोड्याच अंतरावरच्या पेशींना धक्का लागत नाही. असे दाण्याला दाणा लावीत सारी गाठ संपवितात. काम दोन-तीन तासांत होते. रोगी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. लघवीची नळी मात्र काही दिवस ठेवावी लागते.

याचा गुण किती? ब्रिटनमधल्या ६२५ रुग्णांची हकिगत २०१८ साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनंतर शंभरातल्या ८८ जणांना ग्रंथी काढण्याची किंवा किरणोपचारांची पाळी आली नव्हती. आपला अनुभव ज्यांनी लिहून कळविला, त्यांच्यापैकी शंभरातल्या ९८ जणांना लघवीसाठी पॅड बांधावा लागत नव्हता. आकडे आनंदाचे आहेत, पण ते नीट वाचले पाहिजेत. काहींना हा इलाज दुसऱ्यांदा घ्यावा लागला होता. आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा गट शेजारी ठेवून केलेली ही तुलना नव्हती. अमेरिकेच्या सरकारी खात्याने २०१५ साली या यंत्राला परवानगी दिली तीही प्रोस्टेटमधील पेशी नष्ट करण्यापुरती, कर्करोग बरा करणारे यंत्र म्हणून नव्हे.

मर्यादा आणखीही आहेत. ग्रंथी फार मोठी असेल तर तिच्या पुढच्या भागापर्यंत ध्वनी नीट पोचत नाही. आत चुन्यासारखे खडे असतील तर ते लहरी अडवतात. नंतर लघवीचा मार्ग आखडणे, जंतुसंसर्ग होणे, वैवाहिक जीवनात उणेपणा येणे असे त्रास काहींना होतात. कमी होतात, पण होतात. या ग्रंथीत रोगाचे ठिपके पुष्कळदा एकाहून अधिक असतात. मोठा मारला तरी बारीक मागे राहू शकतो. म्हणून इलाजानंतर रक्ताची तपासणी, एमआरआय आणि गरज पडेल तेव्हा तुकडा काढून तपासणे, हे चालूच ठेवावे लागते. घर न पाडता चोर पकडला. पण पहारा काही सुटला नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : प्रत्येकाला काही करावेच लागते असेही नाही. ब्रिटनमध्ये १६४३ रुग्णांचे तीन गट करून एकाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार आणि तिसऱ्यावर नुसती नजर ठेवण्यात आली. २०२३ साली जाहीर झालेला पंधरा वर्षांचा हिशेब असा की, कुठलाही गट घ्या, शंभरातले सुमारे ९७ जण या रोगाने गेले नव्हते. मात्र नजर ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते, आणि पुष्कळांनी पुढे उपचार घेतलेच. पण ग्रंथीतच असलेला सौम्य रोग सापडला तर घाबरून त्याच आठवड्यात ग्रंथी काढायला धावण्याची गरज नसते. कुणावर नजर पुरे, कुणाला आवाजाचे भिंग चालेल, आणि कुणाला सुरीच हवी, हे रोगाची जात पाहून ठरते. जो इलाज सर्वांना चालतो असे कुणी सांगेल, त्याच्यापासून सावध राहावे हे उत्तम.

पण हे ठरविण्याची मुभा मिळते ती रोग ग्रंथीच्या आत असेपर्यंतच. भिंगाला एक बिंदू लागतो. रोग अंगभर पसरला की नेम धरायला जागाच उरत नाही. मामांच्या बाबतीत नेमके तेच झाले होते. या रोगाला पुरुषाच्या अंगातला हार्मोनच पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले आणि त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो हार्मोन रोखणाऱ्या इंजेक्शनांवर मामांनी चार वर्षे काढली.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीत आम्ही सारे फराळाला बसलो होतो. मामांचे धाकटे भाऊ शेजारी होते, दोन जावई समोर होते, मीही होतो. मामी चकल्या वाढीत होत्या. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि वर्गातल्या त्या जुन्या आवाजात, सगळ्या घराला ऐकू जाईल असे विचारले, "काय रे, रात्री किती वेळा उठावं लागतं तुला?"

काका एवढेसे झाले. जावयांनी माना खाली घातल्या. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या वाढायच्या थांबून उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या.

काका पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. त्यांची वाढ साधी निघाली.